मागे एक

१

एक होता डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी होतं एक फाटक, आणि फाटकाला लागून दोन खोल्यांत राहायच्या तीन बायका: एक आजी, एक सून आणि एक नात. आजी म्हणजे मी. सून सायकलवाल्यांच्या उपाहारगृहात सूप उकळायची आणि पाव भाजायची. नातीला सगळे किणकिण म्हणत, कारण लहानपणी हाताला लागेल त्या सायकलची घंटी ती वाजवून सोडायची. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकीचं सगळं जग ती कानांनी आणि बोटांनी पाहते. चौथा होता माझा मुलगा. तो या गोष्टीत आहे आणि नाहीही.

डोंगर सायकलींसाठीच राखलेला. वाटा चार. हिरवी इतकी सोपी, की ज्यांचे पाय चालत नाहीत ती माणसंसुद्धा हाताने फिरवायच्या तीनचाकीवर बसून हसत हसत खाली येतात. निळीवर नवशिके. लाल वाट दगडांची आणि वळणांची. काळीवर जाणाऱ्याला मी एकच विचारते, घरी सांगून आलात ना. ते हसतात. मी हसत नाही. चारही वाटा शेवटी एका अरुंद खिंडीतून माझ्या फाटकाशी येतात.

फाटकाशी एक लाकडी फळा आहे. त्याला साठ खिळे, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला. वर जाणाऱ्याने बिल्ला गळ्यात घालायचा, खाली आला की परत टांगायचा. बिल्ल्यांवर आकडे कोरलेत म्हणतात. मला अक्षर वाचता येत नाही आणि आकडाही वाचता येत नाही, पण रिकामा खिळा दिसतो. कोणत्या खिळ्याचा बिल्ला कोणाच्या गळ्यात गेला, त्याची सायकल कुठल्या रंगाची, तिच्या मागच्या चाकाची टिकटिक जाड की बारीक, हे सगळं संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात जसंच्या तसं राहतं. मॅनेजरसाहेब लिहून ठेवतात आणि आठवड्यातून दोनदा चुकतात. मी न लिहिता एकदाच चुकले. ती चूक पुढे सांगते.

फळ्यापेक्षा मोठा असतो शब्द. वाट अरुंद, म्हणून उतरणारा समोरच्याला ओरडून सांगतो आपल्या मागे किती आहेत. मागे तीन. मागे एक. आणि शेवटचा म्हणतो, मागे कोणी नाही. जिभेला सवय लागते, फाटकाशी येऊनही माणसं तेच म्हणतात. सगळ्यांत शेवटी येतो तो शेपूट. शेपूट हे कामाचं नाव आहे. संध्याकाळी वर जायचं, पडलेल्याला उचलायचं, रेंगाळलेल्याला हाकलायचं आणि सगळ्यांच्या मागून खाली यायचं. शेपटाला बिल्ला नसतो. मागे कोणी नाही, असं तो म्हणाला की मी फाटकाला आडवा दांडा घालते. त्याचा शब्द हाच त्याचा बिल्ला.

२

माझा मुलगा शेपूट होता. त्याच्या लग्नात मी नवरदेवाचं काम विचारणाऱ्याला, शेपूट आहे, असं सांगितलं आणि सुनेची मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याला एक सवय होती. प्रत्येक वळणाआधी तो ब्रेक दोनदा हलकेच दाबायचा. टक, टक. मग वळायचा. लहान असताना एका वळणावर दामटून गेला होता आणि हनुवटी फोडून घेतली होती, तेव्हापासून. लाल वाटेला शेवटी सात वळणं आहेत. मी फाटकाशी उभी राहून ऐकत असे. सात वेळा टक टक झालं की डोळे उघडायचे, समोर तो.

शेडमध्ये एक जोडसायकल होती. दोन बैठका, दोघांना पॅडल, पण हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात. पॅडल एकमेकांना साखळीने बांधलेली, त्यामुळे एकाचं फिरलं की दुसऱ्याचं फिरतंच. पुढच्या बैठकीखाली जुन्या पद्धतीच्या दोन स्प्रिंगा, बसलं उठलं की कुरकुरायच्या. ज्यांना दिसत नाही त्यांना मागे बसवून तो वाटा दाखवून आणायचा. दाखवून, असंच म्हणायचा. किणकिण तेव्हा सहा वर्षांची. तिचे पाय पॅडलला पुरत नव्हते. दर महिन्याला तो तिला मागच्या बैठकीवर बसवायचा, तळवा आणि पॅडल यांच्यामध्ये बोटं घालून मोजायचा, आणि म्हणायचा, अजून चार बोटं. अजून तीन बोटं. पाय पुरले की तुला मी लाल वाटेने खाली आणीन.

मग अकरा वर्षांपूर्वीच्या एका धुक्याच्या संध्याकाळी तो वर गेला आणि खाली आलाच नाही.

सकाळी लाल वाटेच्या तिसऱ्या वळणावर त्याची सायकल मिळाली. पडलेली नव्हती. दगडाला नीट टेकवून ठेवली होती, हँडलला हेल्मेट टांगलं होतं. कुठे ओरखडा नाही. महिनाभर शोध चालला. दरीत दोर सोडले, वास घेणारी कुत्री आणली. कुत्री त्या वळणापर्यंत यायची आणि खाली बसायची, पुढे नाही आणि मागे नाही. पडलेल्या माणसाची सायकल अशी नसते. सोडून जाणाऱ्याचीही नसते. जरा थांबतो, असं म्हणणारा माणूस सायकल तशी ठेवतो.

३

या वर्षी उन्हाळा सरताना जोडसायकल शेडमधून बाहेर निघाली. काढली ती नव्या शेपटाने. त्याला या कामावर नऊ वर्षं झाली, पण आम्ही त्याला अजून नवाच म्हणतो. अबोल माणूस. सूप पिऊन झालं की वाडगा स्वतः विसळून खिडकीत पालथा घालून जातो. नऊ वर्षांत एकदाही खरकटा ठेवला नाही. किणकिण आता सतरा वर्षांची, तिने त्याच्यामागे लकडा लावला होता, काका, निदान टायर तरी बदला. त्याने टायर बदलले, ब्रेकच्या तारा बदलल्या, साखळी रॉकेलमध्ये धुतली. सून उपाहारगृहाच्या खिडकीतून बघत होती. भंगारात द्या म्हटलं होतं मी, एवढंच ती म्हणाली, आणि तेही पातेल्याला.

सायकल दुरुस्त करता करता संध्याकाळ झाली. त्या दिवशी वर माणसं थोडी, म्हणून नवा वर गेलाच नाही. माझ्या शेजारी काळ्या हातांनी उभा होता. शेवटचा बिल्ला एका पिवळ्या कोटातल्या बाईचा होता. ती आली, बिल्ला टांगला, फळा भरला. जाता जाता म्हणाली, मागे एक.

मी म्हटलं, कोण? फळा तर भरलाय.

ती म्हणाली, माणूस आहे. निळ्या वाटेपासून माझ्या मागेच होता. मी दोनदा बाजूला झाले, तरी पुढे जाईना. घाई नसेल त्यांना.

आम्ही थांबलो. नवा दिवा घेऊन खिंडीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. कोणी नव्हतं. खिंडीत दगड उभे आहेत, आपल्याच चाकाचा आवाज त्यांवर आपटून मागून येतो. नवख्या माणसाला तसं वाटतं. मी त्याला तसं सांगितलं, त्याने मान हलवली, आणि मी दांडा घातला.

रात्री अंथरुणावर मला आठवलं, की त्या बाईच्या सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक होतच नव्हती. ती मुकी सायकल होती. मग खिंडीने तिला परत काय दिलं?

४

दोन दिवसांनी एका बापाने तेच सांगितलं. दोन मुली पुढे घालून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, मागे एक. फळा भरलेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीनचाकीवाला. हा गृहस्थ दर शनिवारी येतो, कमरेखाली त्याला काही जाणवत नाही, पण दंड असे की मॅनेजरसाहेबांना उचलून खिशात घालेल. तो म्हणाला, आजी, मागे एक आहे, दांडा घालू नका. सभ्य माणूस दिसतो. माझ्या तीनचाकीला वेळ लागतो, पण एकदाही घाई केली नाही त्याने.

मी विचारलं, दिसतो म्हणजे, पाहिलंत का?

त्याने जरा आठवून बघितलं. नाही, म्हणाला. वळून बघायचं सुचलं नाही. पण वळण आलं की तो ब्रेक दोनदा दाबायचा. टक टक. मला कळायचं, चला, वळण आलं.

मी त्याच्या हातून बिल्ला घेतला. एरवी तो स्वतः टांगतो. त्या दिवशी खिळा मला सापडेना.

हे मी कोणाला बोलले नाही. माणूस म्हातारा झाला की त्याच्या कानांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि इथे तर कान माझे नव्हतेच, लोकांचे होते. मी मनाला समजावत राहिले. ब्रेक कोणीही दोनदा दाबतो. शब्द एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी लागतो, जांभईसारखा. पण रोज संध्याकाळी मी दांडा हातात घेऊन उभी राहायची, आणि चांदण्या दिसायला लागल्या तरी तो घालायची नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, आणि त्या भीतीची मी दिवसभर वाट बघत होते.

मग आठवड्याने नवा खाली आला. सगळे उतरले होते, फळा भरला होता. त्याने पाय जमिनीला टेकवला, नेहमीसारखं तोंड उघडलं आणि म्हणाला, "मागे एक."



"तुझ्या मागे कोण असेल रे?" मी म्हटलं. "शेपूट तू आहेस."

"तेच तर," तो म्हणाला. मागे वळून बघायला तो तयार नव्हता, आणि मीही त्याला वळ म्हटलं नाही.

५

फाटक उघडं राहतं ही गोष्ट मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेली. माणूस वाईट नाही. घसा खाकरत आले, बाकावर बसले, आणि म्हणाले की फळा भरला की दांडा पडलाच पाहिजे, उघड्या फाटकातून कोणी अंधारात वर गेलं तर जबाबदारी त्यांची. शेपूट मागाहून येणार असेल तर तो आवाज देईल, तेव्हा उघडा. पुन्हा उघडं दिसलं तर फाटकावर दुसरं माणूस ठेवावं लागेल. दुसरं माणूस आलं की या दोन खोल्याही त्याच्याच, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी उपाहारगृहाच्या मागच्या दाराने आत गेले. सून पातेलं घासत होती. मी पिठाच्या डब्यावर बसले आणि अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

त्या धुक्याच्या दिवशी किणकिणला ताप होता. मला घरी जायची घाई होती. शेवटचा स्वार आला, परका माणूस, बिल्ला टांगून म्हणाला, मागे एक. आणि निघून गेला. मी फळा बघितला. साठ खिळे, साठ बिल्ले. भरलेला फळा बघितला की माझा हात आपोआप दांड्याकडे जायचा, तसा गेला. शेपटाला बिल्ला नसतो, हे ज्या बाईने सगळ्या जगाला शिकवलं, तीच विसरली. माझ्याच पोराला बाहेर ठेवून मी फाटक लावलं. पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवताना आठवलं, धावत आले, दांडा काढला. मध्ये किती वेळ गेला ते मला माहीत नाही. तो आला असेल, फाटक बंद बघितलं असेल, आणि परत वर गेला असेल, असं मला रोज वाटतं. का गेला असेल ते कळत नाही. पण वाटतं.

सुनेचा हात थांबला नव्हता. पातेलं चकचकीत झालं तरी ती घासत होती.

"आई," ती म्हणाली, "दांड्याचा आवाज मी ऐकला होता. ही खिडकी उघडीच असते."

मी डब्यावरून उठले, तरी ती घासतच होती.

"घड्याळात बघितलं मी तेव्हा. म्हटलं, आज हे लवकर आले."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्हाला इथे उभं राहवलं नसतं. निघून गेला असता. मग फाटक उघडं कोणी ठेवलं असतं?"

तिने पातेलं पालथं घातलं आणि हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाली, आपण दोघी एका माणसाला खाली उतरवत बसलोय, आणि त्या नादात पोरगी वर जायची राहिली. उद्या काकांना सांगा, घेऊन जा म्हणावं तिला. हिरव्या वाटेने. हिरव्याच.

६

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला किणकिण जोडसायकलच्या मागच्या बैठकीवर बसली. हेल्मेटचा पट्टा मी लावला. तिने पाय पॅडलवर ठेवले आणि विचारलं, आजी, किती बोटं?

मी वाकून हात घातला. "संपली बोटं," म्हटलं.

नवा पुढे बसला, स्प्रिंगा कुरकुरल्या. सून दारात उभी होती, हात पदराखाली. नव्याने तिच्याकडे बघून सांगितलं, हिरवीच. तिने मान हलवली. शेपटाच्या सायकलला बिल्ला नसतो, म्हणून मी त्यांना बिल्ला दिला नाही. ते खिंडीत शिरेपर्यंत किणकिणची घंटी ऐकू येत होती. मग आली नाही.

साडेपाचपासून माणसं उतरायला लागली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. मागे तीन. मागे दोन. शेवटी तीनचाकीवाला आला, बिल्ला टांगला, आणि म्हणाला, मागे कोणी नाही.

मी विचारलं, नक्की?

नक्की, म्हणाला. आज मागे कोणीच नव्हतं. जरा चुकल्यासारखं झालं.

फळा भरला. मॅनेजरसाहेब बाकावर बसून बघत होते. मी सांगितलं, माझी नात आणि शेपूट वर आहेत. ते म्हणाले, आहेत ना, आवाज देतील तेव्हा उघडा, तसंच ठरलंय. आणि मी दांडा घातला. स्वतःच्या हाताने, माझंच माणूस बाहेर ठेवून, दुसऱ्यांदा. साहेब गेले. उपाहारगृहाच्या खिडकीत दिवा लागला. मी दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले.

७

टिकटिक ऐकू आली तेव्हा अजून संधिप्रकाश होता. जोडसायकलचं मागचं चाक जाड आवाजाचं आहे. पण आवाज चुकीच्या बाजूने येत होता. हिरवी वाट खिंडीत डावीकडून उतरते. हा येत होता उजवीकडून, लाल वाटेवरून.

मग ऐकलं. टक, टक.

नवा असा ब्रेक दाबत नाही. नवा एकदाच दाबतो आणि सोडत नाही. मी मोजायला लागले. मला आकडे वाचता येत नाहीत, पण ही सात वळणं मला पाठ आहेत. टक, टक. हे झाडाजवळचं. टक, टक. हे ज्या दगडाला सायकल टेकवली होती तिथलं. इथे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही, टिकटिकही नाही. मग परत सुरू झाली. मी डोळे मिटले होते. सातव्यांदा टक टक झालं आणि सवयीने उघडले.

फाटकाच्या फळ्यांच्या फटीतून मला दिसलं ते एवढंच. किणकिण मागच्या बैठकीवर, मान वर, तोंडावर असं हसू की जे मी ती सहा वर्षांची असताना पाहिलं होतं. एक हात तिने पुढे धरला होता, कोणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा. पुढच्या बैठकीवर कोणी नव्हतं.

हँडल सरळ होतं. पॅडल फिरत होती, पण ती फिरणारच, ती साखळीने बांधलेली आहेत, हे मी तिथे उभ्या उभ्या स्वतःला सांगितल्याचं मला आठवतं. पण पुढच्या बैठकीच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या. आणि उजव्या हाताचा ब्रेक हँडलला पूर्ण टेकलेला होता. सायकल फाटकापासून वीतभर अंतरावर थांबली. पोरीने पाय टेकले नव्हते. सायकल कलली नाही.

"मागे एक," आवाज आला.

किणकिणचे ओठ हलले नव्हते.

हेच शब्द ऐकून एकदा माझ्या हाताने दांडा खाली दाबला होता. या वेळी मी तो उचलला. कुठून बळ आलं माहीत नाही, एरवी त्याला दोन्ही हात लागतात. फाटक उघडलं. सायकल माझ्या अगदी जवळून आत गेली आणि माझ्या उजव्या हातावरून गारवा गेला, तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. आत गेल्यावर ब्रेक सुटला. एकदम नाही. हळूहळू, कोणीतरी बोटं एकेक करून उचलावीत तसा. मग स्प्रिंगा कुरकुरल्या आणि बैठक वर आली.

तेव्हा कुठे सायकल कलली, आणि पोरीने पाय टेकले.

"काका, उतरलात का?" तिने विचारलं.

मी मागे, खिंडीकडे बघितलं नाही. आजही त्याचं वाईट वाटतं. आणि बरंही वाटतं.

८

नवा अर्ध्या तासाने आला, पायी, लाल वाटेने, गुडघे फुटलेले. मला बघून फाटकाला धरून खाली बसला. किणकिण घरात सूप पितेय, असं मी सांगितलं, तर त्याला ते पहिल्यांदा कळलंच नाही. वर, जिथून वाटा फुटतात, तिथे फांदी आडवी पडली होती. पोरीला पाय टेकवून उभं केलं आणि तो फांदी उचलायला दहा पावलं गेला. मागे टिकटिक ऐकू आली. वळून बघतो तर सायकल लाल वाटेवर शिरत होती. त्याने हाका मारल्या. पोरगी हसून हात हलवत होती, म्हणाला, तिला वाटत होतं मी खेळ करतोय.

किणकिणचं सांगणं सरळ होतं. काका बसले, बैठक कुरकुरली, निघालो. मागून हाका आल्या, त्या तिला काकांच्याच, दगडांवर आपटून परत आलेल्या वाटल्या. वळणं आली तेव्हा कळलं की ही हिरवी नव्हे. आईला सांगायचं नाही, म्हणून काका गप्प आहेत असं तिला वाटलं. मध्ये एकदा ते थांबले. मग परत निघाले. वळणाआधी टक टक करून सांगत होते, त्यामुळे भीती वाटली नाही. एकच गोष्ट तिला कळत नव्हती. तिने मला हळूच विचारली, "आजी, काकांची पाठ इतकी गार कशी गं? ओल्या भिंतीसारखी."

मी नंतर पुष्कळ विचार केला. उतार असतो, वाटेच्या कडा उंच बांधलेल्या असतात, चाक घरंगळत खाली येऊ शकतं. नवी तार आखडली तर ब्रेक दबलेला राहू शकतो. पोर घाबरली तर काहीही ऐकू शकते, पण ती घाबरली नव्हती. एकेक गोष्ट धरली तर उत्तर मिळतं. सात वळणं एकत्र धरली की मिळत नाही. मग मी विचार करणं सोडलं.

सून बाहेर आली होती. ती पोरीकडे गेली नाही, नव्याकडे गेली नाही. जोडसायकलपाशी गेली आणि पुढच्या बैठकीवर तळवा ठेवला. कातडं दवाने भिजावं तसं ओलं होतं. तिने हात उचलला नाही. पूर्ण अंधार होईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि आम्ही कोणीही तिला हाक मारली नाही.

९

त्यानंतर मागे एक, असं कोणी म्हणालं नाही. म्हणजे माणसं म्हणतात, पण मग ते एक खाली येतं, त्याला तोंड असतं, बिल्ला असतो. टक टक ऐकू येत नाही. पहिले काही महिने मी दांडा घालून झाल्यावरही फाटकाशी उभी राहायची. वाट बघायला कोणी उरलं नाही की संध्याकाळ फार लांब होते. त्याला घरात घेतलं, एवढं समाधान आहे. पण घरात घेतलेला माणूस घरात दिसत नाही, ते कुठे ठेवायचं हे मला अजून जमलेलं नाही. त्याचं हेल्मेट मी फळ्याशेजारी, एक वेगळा खिळा ठोकून टांगलं आहे.

बाकी मात्र घर उजळलं. किणकिणने लाल वाट धरली ती धरलीच. न दिसणाऱ्या माणसांना वाट कशी ऐकायची, ते ती आता शिकवते. मॅनेजरसाहेबांनी आणखी तीन जोडसायकली आणवल्या आणि तिला पगारावर घेतलं. पुढे बसणाऱ्यांना ती पहिला धडा देते तो वळणाआधी ब्रेक दोनदा दाबायचा. नव्याने एके दिवशी वाडगा विसळून खिडकीत ठेवला आणि तिथून हललाच नाही. सून आतून म्हणाली, काय हवंय. तो म्हणाला, दहा वर्षं झाली, आता वाडगा आतच येऊन ठेवू का. सून हसली. तिचं हसणं मी बारा वर्षांनी ऐकलं आणि आधी ओळखलंच नाही. तिच्या मावशीने मला विचारलं, मुलगा करतो काय, आणि मी परत सांगितलं, शेपूट आहे. या वेळी ती रुसली नाही.

दोन खोल्यांच्या तीन झाल्या. ताटल्या चार लागतात. रोज संध्याकाळी फळा भरला की मी दांडा हातात घेऊन थांबते. शेवटचा माणूस खिंडीतून खाली येतो, मागे कोणी नाही म्हणतो, मी फाटक लावते, आणि तो आमच्याच घरात शिरतो.